मनीषाच्या जिमचा नारळ

शहागंजात झेंडूचे ढीग लागले. काल दळण टाकायला गेले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोत्यांवर पिवळं-केशरी पसरलं होतं आणि फुलवाल्या बाया त्यावर पाणी शिंपडत होत्या. ओल्या झेंडूचा वास तसा गोड नसतो, चुरगळलेल्या पाल्यासारखा कडवट असतो. लोकांना त्या वासानं दसरा आठवतो. मला मनीषाची जिम आठवते.

मनीषा माझी धाकटी जाऊ. पैठणची. बारावीपर्यंत शिकलेली, शाळेत खो-खो खेळलेली. मी चौथी शिकले, कारण पाचवीची शाळा शेजारच्या गावाला होती आणि मधे ओढा होता. पण तेवढ्या शिक्षणावर पोथी वाचता येते. पोथीत मत्सर असा शब्द येतो. तो वाचताना कुण्या राणीला होणारा आजार असावा असं वाटतं. आमच्या गच्चीत एकाच दोरीवर तिची काळी ताणणारी पँट आणि माझी साडी शेजारी शेजारी वाळत असताना, त्या पँटीकडं बघून मला जे व्हायचं, त्याला आमच्याकडं जळणं म्हणतात. मी जळत होते. अजूनही थोडी जळते. ही वही पिठाच्या डब्यामागं असते, कुणी वाचायचं नाही, म्हणून लिहिते.

आमचं घर शहागंजच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. खाली मालक, वर आम्ही दोघी जावा आणि आमचे दोघींचे नवरे. आमचे हे कापडाच्या दुकानात, भाऊजी वाळूजला कंपनीत. मनीषा आधी सिडकोत एका मोठ्या जिममध्ये नोकरीला लागली, दारातल्या टेबलावर बसून नावं लिहायला. मग हळूहळू बायकांना व्यायाम शिकवायला लागली. कसलासा कोर्स केला, सर्टिफिकेट आणलं, भाऊजींनी त्याला काच लावून घेतली. पहाटे गच्चीतल्या चुलीवर ती तिची अंडी उकडायची. वेगळं पातेलं, वेगळा चमचा. तो वास आणि माझ्या उदबत्तीचा वास जिन्यात एकमेकांना भिडायचे. सोलून ती पिवळं बाजूला काढायची आणि पांढरं खायची. "अक्का, पिवळं तुम्ही खा की," म्हणायची. मी कशाला तिचं उरलेलं खाऊ? मांजराला घालायचे.

एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "मी नोकरी सोडली."

भाऊजींना माहीत असावं, त्यांनी मान वर केली नाही. आमच्या ह्यांचा घास हातातच राहिला.

"आता?"

"आता स्वतःचं. बायकांच्या घरी जाऊन शिकवणार. एका वेळी एकीला, तिच्या तब्येतीप्रमाणं. पुढं जागा मिळाली की जिम."

"घरोघर?" हे म्हणाले.

"व्हय दादा. घरोघर. डॉक्टर नाय का यायचे पूर्वी, पेटी घेऊन?"

सगळे हसले. मी पण हसले आणि भाकरी थापायला वळले. ती भाकरी काठाला फाटली. मला आठवतं ते तेवढंच, की माझ्या हातची भाकरी कधी फाटत नाही आणि त्या दिवशी फाटली. नोकरी सोडली म्हणून नाही. 'स्वतःचं' हा शब्द ती किती सहज बोलली म्हणून.

तिच्या स्कूटीच्या पुढच्या बाजूला रबराचे पट्टे, गुंडाळलेली चटई, दोन लहान डंबेल्स असायची. पहाटे बजाजनगरला एका घरी, तिथून परत येऊन जवळच शबाना आपांकडं, संध्याकाळी आणखी दोन घरी. पहिला एक-दीड महिना बरा गेला. मग श्रावण लागला, उपास लागले, गौरी आल्या. बाया म्हणायच्या, "मॅडम, सण झाले की बघू." भाद्रपदात तिच्याकडं दोनच बाया उरल्या. ती दुपारी घरी असायची, खिडकीशी बसून मोबाईलकडं बघत. मी तिच्यापुढं चहा ठेवायचे आणि म्हणायचे, "होईल गं सगळं." आणि आत कुठंतरी मला बरं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटायचं. चहात साखर मात्र नीट घालायचे.

आता उलटं जावं लागेल, त्या आधीच्या उन्हाळ्यात.

आमच्याकडं पाणी रोज येत नाही. बऱ्याच दिवसांनी येतं, आणि आलं तरी वर चढत नाही. मग खालच्या नळावरून हंडे भरून जिन्यानं वर. घरातले पुरुष मोटर बघू, टाकी बघू म्हणायचे, तोवर मी पिंप भरून टाकायचे. एकदा मी हंडा उचलायला बसले, तर मनीषा जिन्यात थांबून बघत होती.

"अक्का, ठेवा. परत उचला."

"काऊन? सांडलं का?"

"नाय, नाय. परत उचला तुम्ही."

मी उचलला. तिनं मोबाईल काढला, तिसऱ्यांदा उचलायला लावला. "तुमची कंबर वाकतच नाही! आमच्याकडं हे शिकवायला महिना लागतो. कुणी शिकवलं?"

आईनं. आमच्या गावात बारव होती, सत्तावीस पायऱ्यांची. मी आठ-नऊ वर्षांची असेन, घागर उचलताना वाकले आणि कमरेत उसण भरली. आईनं दुसऱ्या दिवशी मला रिकाम्या घागरीपुढं बसवलं. म्हणाली, "आधी जमिनीला पाय दे. टाचा रोव. वजन हातानं उचलत नसतात बाई, जमिनीनं उचलतात." तिच्या पायाच्या भेगांत बारवेचं शेवाळ अडकलेलं असायचं. आई बोलायची कमी. सगळ्या आयुष्यात तिनं मला सांगितलेली अशी वाक्यं हातावर मोजण्याएवढी, त्यातलं हे एक. ते मी जिन्यात उभ्या उभ्या मनीषाला सांगून टाकलं. कुणी विचारत नाही ना काही, मग एकदा विचारलं की माणूस सगळंच देऊन टाकतं.

तिनं त्या दिवशी आणखी एक विचारलं होतं. "अक्का, तुमची तारीख किती असते? मी सगळ्या बायकांची लिहून ठेवते, त्या हिशोबानं व्यायाम द्यावा लागतो." मी इकडंतिकडं बघून हळूच सांगितली. तिनं मोबाईलवर बोट फिरवलं. मी विसरून गेले.

शबाना आपांचं घर दोन गल्ल्या सोडून. त्यांच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान. आपांचे गुडघे धरलेले, वजन वाढलेलं, त्या मनीषाच्या अगदी सुरुवातीच्या. भाद्रपदातल्या त्या दोघींपैकी एक. एकदा मनीषा डबा विसरून गेली म्हणून मी द्यायला गेले. पडद्याबाहेर चपला काढत होते, तर आतून मनीषाचा आवाज, मोठा, ठणठणीत:

"आपा, हातानं नाय! आधी जमिनीला पाय द्या. वजन जमिनीनं उचलायचं!"

"अगं मनीषा, जमीन उचलेगी तो मैं कायकू आई? मैं सोती ना!"

दोघी खदाखदा हसल्या. मी पडद्याला हात लावला होता, तो काढून घेतला. माझी आई बारवेच्या कडेला बसलेली मला दिसत होती आणि तिच्या तोंडातलं वाक्य मनीषाच्या तोंडात होतं, आणि त्यावर कुणीतरी हसत होतं. डबा उंबऱ्यावर ठेवून मी आले. संध्याकाळी मनीषानं विचारलं, "आत का नाय आलात?" म्हटलं, "घाई होती." मला कसली घाई?

जागा मिळाली ती फर्निचरवाल्याचं गोडाऊन होती. गल्लीच्या तोंडाशी, खालच्या मजल्यावर. आपांच्याच ओळखीनं मिळाली. आपांनी आपल्या चार बहिणी-भाच्यांची नावं आधीच लिहून दिली होती, अट एकच, आत पुरुषाचं पाऊल नको. मनीषा म्हणाली, नाही पडणार. पितृपक्ष संपेपर्यंत आम्ही दोघींनी ते गोडाऊन धुतलं. पॉलिशचा वास फरशीत मुरला होता, तीनदा सोड्यानं घासलं तरी गेला नाही. मग काळ्या रबराच्या चटया आल्या, त्यांचा वेगळाच, नव्या टायरसारखा वास. लोखंडी वजनं आली, हमालांनी ती शटरपाशी ठेवली आणि आत आम्ही दोघींनी नेली. मी जास्त नेली. आणि एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा आला.

आमच्या घरातला आरसा तळहाताएवढा, कुंकू लावण्यापुरता. त्यात कपाळ दिसतं नाहीतर हनुवटी दिसते. तो मोठा आरसा मी वर्तमानपत्रानं पुसत पुसत मागं सरकले आणि त्यात एक बाई दिसली. उंच, रुंद, पदर खोचलेली. मी एवढी आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

मनीषा मागून म्हणाली, "बघा अक्का, तुमचे खांदे! असे करायला मला दोन वर्षं लागली."

तिनं चांगल्या मनानंच म्हटलं असणार. पण मी रात्रंदिवस तेच घोळवत राहिले. तिचे खांदे दोन वर्षांत झाले तर त्यावर सर्टिफिकेट मिळालं. माझे तीस वर्षांत झाले, ते ब्लाऊजला कापड जास्त लागतं एवढ्यापुरते.

नवरात्र बसलं. आमच्याकडं घट असतो, तो माझ्याकडं. सासूबाई गेल्यापासून माझ्याकडंच. पत्रावळीवर काळी माती, त्यात गहू, मधे पाण्याचा घट, वर रोज एक माळ. पाचव्या-सहाव्या दिवशी कोंब वर येतात, पिवळट पांढरे, आणि देवघराच्या कोपऱ्यात ओल्या मातीचा वास भरून राहतो. त्या नऊ दिवसांत घरात मी कुणीतरी असते. मला विचारून लोक आंघोळी करतात.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा. ह्यांची कात्री, भाऊजींचे पाने, माझी विळी. मनीषानं ठरवलं होतं, त्याच सकाळी जिममध्ये वजनांची पूजा करायची आणि दसऱ्यापासून जिम चालू. अष्टमीला दुपारी ती आली. "अक्का, उद्या नऊ वाजता. हळदीकुंकू तुम्ही लावायचं. तुम्ही मोठ्या."

मला आवडलं. खरंच आवडलं. मी कुठली साडी नेसायची ते सुद्धा मनात ठरवलं. तेवढ्यात तिनं बगलेतली गुंडाळी जमिनीवर उलगडली. बाहेर लावायचा फ्लेक्स. मधोमध मनीषा, हाताची घडी घालून, दंड दिसतील अशी. खाली मोठ्या लाल अक्षरात लिहिलेलं: 'वजन हातानं नाही, जमिनीनं उचला!'

मला जोडाक्षरंही येतात, हे तर सोपं होतं. मी दोनदा वाचलं.

"कसं वाटतंय?"

"छान हाय," मी म्हणाले. "पण उद्या मला जमायचं नाय. अडचण आली."

तोंडातून निघून गेलं. अडचण म्हटलं की आमच्याकडं पुढं कुणी विचारत नाही. मासिक पाळीतल्या बाईनं स्वयंपाक केलेला चालतो, पण देवाला शिवायचं नाही, पूजेला उभं राहायचं नाही. माझ्यासारख्या न बोलणाऱ्या बाईला यापेक्षा सोयीचं कारण नाही. मनीषा माझ्याकडं जरा वेळ बघत राहिली. मग फ्लेक्स गुंडाळला. "बरं," म्हणाली.

आणि मग माझ्या लक्षात आलं. घट! खोटं बोलताना घटाची आठवणच राहिली नाही. संध्याकाळची माळ होती, आरती होती, उद्या नवमीची माळ होती. आठ दिवस मी वाढवलेले ते कोंब, आता मी त्यांना शिवायचं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि मनीषानं माळ घातली. वाकडी घातली. एका बाजूला चार बोटं जास्त लोंबत होती. कोंबांना पाणी घालताना तिनं धार एकाच जागी सोडली, माती खचली. मला तिच्या हातातून तांब्या ओढून घ्यावासा वाटला. तोंडात पदर धरून उभी राहिले. सांगणार कुणाला?

नवमीला सकाळी साडेआठला ती जिममधून परत आली. अंगावर हिरवी साडी, पायात पळायचे बूट.

"अक्का, साडी बदला. चला."

"अगं, सांगितलं ना तुला. अडचण हाय."

"मग?"

"मग काय? पूजा हाय तिथं."

"माझ्या जिममधी बायाच येणार. रोज कुणाला ना कुणाला अडचण असणारच. आजच बंदी घातली तर उद्यापासून शिकवू कुणाला, भिंतीला?"

बाहेरून हे म्हणाले, "मनीषा, असलं नको. देवाचं हाय."

"दादा, देवी बाईच हाय ना? तिला म्हाईत नसंल व्हय?"

ह्यांचे कान लाल झाले. ते चपला शोधायला लागले, आणि चपला पायातच होत्या.

मी तेव्हा एक वाक्य बोलले असते तर सुटले असते: मला अडचण नाही. पण मग का म्हटलं, हे सांगावं लागलं असतं. मी साडी बदलली. जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर मला आठवलं की माझी तारीख तिच्या मोबाईलमध्ये आहे. उन्हाळ्यात मीच सांगितलेली. ती तारीख यायला अजून पंधरा दिवस होते. मी पुढं बघितलं, तर ती बुटांचा आवाज करत उतरत होती, मागं वळून न बघता.

शटरबाहेर भाऊजी आणि हे पाहुण्यांसारखे उभे होते. आत दहा-बारा बाया. धावायच्या मशीनला झेंडूचा हार, लोखंडी वजनं ओळीनं मांडलेली, समोर पाटावर देवीचा फोटो. आपा भिंतीपाशी खुर्चीवर, मांडीवर खजुराचा डबा. मला बघून म्हणाल्या, "क्या अक्का, आज खुशी का दिन है, मुँह कायकू फुलाके आए?"

मनीषानं टाळी वाजवली. "ह्या माझ्या जाऊबाई. बाहेर बोर्डावर जे लिहिलंय ते ह्यांचं हाय. मी ह्यांच्याकडून शिकले, आपल्या जिन्यात. आणि आज ह्यांना अडचण हाय, म्हणून पूजा ह्याच करणार आणि नारळ पण ह्याच फोडणार."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. आमच्याकडं बायका नारळच फोडत नाहीत, आणि त्यात अशी. सिडकोच्या एक बाई, मनीषाच्या जुन्या जिममधल्या, पदर सावरत उठल्या आणि चपला घालून गेल्या. त्या परत कधी आल्या नाहीत. मनीषानं त्यांच्याकडं बघितलं आणि नारळ माझ्या हातात दिला. माझ्या खोट्यानं तिची एक बाई गेली होती, पहिल्याच दिवशी. ते तिला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. आणि देवीला तर होतंच.

मी वजनांना हळदीकुंकू लावलं. बोटांना लोखंड गार लागत होतं. मग दगडापुढं बसले, टाचा रोवल्या. एकाच दणक्यात नारळाची दोन सारखी भकलं झाली आणि पाणी माझ्या मनगटावरून वाहत गेलं. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. आपा ओरडल्या, "अरे बाप रे, क्या जान है हातों में!"

"हातात नाय आपा," मनीषा म्हणाली, "जमिनीत!"

मी तेव्हा बोलायला हवं होतं की बोर्डावरचं वाक्य माझं नाही, माझ्या आईचं आहे. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. आरशात सुद्धा सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी पदरानं मनगट पुसलं. मनीषानं माझं म्हणून सांगितलं, मी माझं म्हणून घेतलं. जे तिनं केलं म्हणून मी महिनाभर जळत होते, ते मी त्या आरशापुढं एका क्षणात केलं, आणि त्याची चव नारळाच्या पाण्यासारखी गोड होती.

तिनं मला मान दिला की शिक्षा केली, हे मी पुष्कळदा घोळवलं आहे. मान असला तरी तो तिच्याच हातून घ्यावा लागला, तिच्याच जागेत, तिनं टाळी वाजवल्यावर. हे अजून सलतं. दसऱ्याला घट उठवताना कोंब तिनंच खुडले, कारण माझे चार दिवस व्हायचे होते. त्यातले दोन कोंब तिनं माझ्या केसांत खोचले. चौथ्या दिवशी मी डोक्यावरून पाणी घेतलं, कशासाठीही नाही, फक्त खोटं पूर्ण करायला. तिनं मला गरम पाणी काढून दिलं.

जिम चालली. आता सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन बॅचेस असतात. आपांचे गुडघे पूर्ण बरे नाहीत पण त्या जिना चढून आमच्याकडं येतात आणि मनीषाच्या अंड्यांतलं पिवळं खाऊन जातात. फ्लेक्स उन्हानं फिका पडला, मनीषानं नवा केला, वाक्य तेच आहे. मी जाताना वर बघत नाही. कधी दुपारी, जिम बंद असताना, झाडायला म्हणून जाते. आरशापुढं एकटी उभी राहते. मनातल्या मनात म्हणते, हे माझ्या आईचं हाय. आरशाला सांगून काय होतं? पण मनीषाला सांगितलं तर ती तेही बायांना सांगेल, माझ्याआधी, माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत.

आज अष्टमी. मघाशी ती संध्याकाळची बॅच आटपून वर आली, घामेजलेली, हातात झेंडूची पिशवी. दरवर्षी येते तशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, आणि दरवर्षी विचारते तसं, चेहऱ्यावरची रेघ न हलवता विचारलं:

"अक्का, उद्या तुम्हाला अडचण नाय ना?"

माझं सगळं बंद होऊन चार वर्षं झाली. तिला ते माहीत आहे, तिच्याच मोबाईलमध्ये आहे. मी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"हाय," मी म्हणाले.

"मग नारळ तुमच्याकडं," ती म्हणाली, आणि फुलं भिजवायला मोरीत गेली.